गच्चीवरचं वाळवण

मी सिन्नरकडची. आमचं गाव रस्त्याला लागून नाय, आत आहे, जीपमधून उतरलं की पुढं चालायचं. माझी आई बाजार करायची, म्हणजे घेणारी नाय, विकणारी, सुकट, बोंबील, जवळा, सगळं वाळलेलं, आणि बाजार रोज वेगळ्या गावचा म्हणून पाटी डोक्यावर घेऊन ती रोज वेगळ्या वाटेनं जायची. काय सांगू तुम्हाला ताई, तुम्ही म्हणता पहिल्यापासून सांगा, मी लिहून घेते, तर पहिलं आठवतं ते वासच. आईच्या पदराला वास, गोधडीला वास, माझ्या वेणीला वास. आम्हाला काय तो येत नव्हता, घरातल्या माणसाला घरचा वास येतच नाय, दुसऱ्यानं नाक मुरडलं की मग कळतं. शाळेत पोरी म्हणायच्या, आली बोंबील, सरका गं. मग मी आपली दाराशी बसायची. चौथीपर्यंत दाराशीच बसले. पाचवीची शाळा लांबच्या गावाला, जीपमध्ये दाटीवाटीनं बसायला लागायचं, म्हणून मीच आईला म्हणलं, मला नाय जायचं. तेव्हापासून चार माणसांत बोलायचं म्हणलं की माझा घसाच बंद होतो, मनात सगळं असतं पण तोंडात येत नाय. आजही तुमच्यापुढं बोलते ते तुम्ही एकट्या आहात म्हणून.

लग्न होऊन नाशकात आले. माझ्या पोराचे, संदीपचे वडील अंबडच्या कंपनीत होते, सिडकोत दोन खोल्या भाड्यानं घेतलेल्या, वरती मालकीणबाई, खाली आम्ही. ते गेले तरी आम्ही तिथंच राहिलो, संदीप तिथंच लहानाचा मोठा झाला. मालकीणबाई वाईट नाय हो, हे आधी लिहा. संदीपच्या तापात रात्रभर माझ्याबरोबर बसलेल्या बाई आहेत त्या. पण त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, शकुंतला, अंडी खा, माझी ना नाय, पण मासळीचा वास जिन्यात आला नाय पाहिजे. मी मान हलवली. आणि सुकट काय सोडवली नाय. मग काय करायची, त्या गुरुवारी मठात जायच्या, त्या कोपऱ्यावर वळेपर्यंत मी खिडकीतून बघायची, मग तवा ठेवायची, दाराला खाली ओलं फडकं लावायची, सुकट भाजून कांद्यात परतून खाऊन तवा घासूनसुद्धा मोकळी, त्या परत येईपर्यंत धुपाचा वास घरभर. त्यांनी एकदा विचारलं, गुरुवार धरतेस का गं तू? मी मान हलवली. आमच्या घरातला गुरुवार असा.

संदीप दवाखान्यात लॅबमध्ये आहे, रक्त तपासतो. तिथं ही इनाली नर्स. नागालँडची. मला नागालँड कुठं ते माहीत नव्हतं, मी म्हणलं पेठच्या पुढं का? संदीप हसला, म्हणला आई, पेठच्या पुढं गुजरात लागतं. मग म्हणला, हिच्याशीच लग्न करायचंय, घरी आणतो. काय खाते, कसं बोलायचं, मला हिंदी येत नाय, तिला मराठी येत नाय. मी साधं वरण-भात, बटाट्याची भाजी केली, सुकटीची बरणी कपाटात मागं लपवली, तिच्यापुढं अब्रू जायला नको. जेवताना ती मध्येच थांबली, मान वर करून असा वास घेतला, आणि उठून सरळ कपाटापाशी गेली, पातेल्यांच्या मागं हात घालून बरणीच काढली की हो. म्हणली, मम्मी, ये छुपा के रखा? चिमूटभर तोंडात टाकली, तशीच, कच्ची. आणि डोळे मिटले. मग संदीपला म्हणली, तुम बोला तुम्हारा मम्मी सीधी है, ये तो बहुत चालू है. मला त्या दिवशी पोरगी पसंत पडली. लग्न रजिस्टर केलं, ती आमच्यातच राहायला आली.

आता ज्याच्यामुळं सगळं झालं ते सांगते. यंदा ती माहेरी जाऊन आली. गाडीचा लांबचा प्रवास, संदीप मनमाडला उतरवून घ्यायला गेला. पिशवीत तिच्या आईनं दिलेल्या पुड्या, केळीच्या पानात बांधून वरून प्लास्टिक. ते अखुनी म्हणून असतं त्यांच्याकडं. सोयाबीनच. आता सोयाबीन आमच्या सिन्नरकडं शेतंच्या शेतं आहे पण आम्ही ते विकायला लावतो, खायला नाय. हे लोक ते शिजवतात, पानात बांधून उबेला ठेवतात, आंबवतात, आणि चटणीत घालतात. मी पुडी उघडून बघितली तर ताई, खोटं नाय सांगत, मी, बोंबलाच्या पाटीजवळ वाढलेली बाई, मी मागं सरकले. पायमोज्यासारखा, गोठ्यासारखा, कसला म्हणून सांगू तो वास. आणि दाणा उचलला तर तार सुटलेली. आपल्याकडं तार सुटली म्हणजे अन्न नासलं, गाईलासुद्धा घालत नाय. माझ्या मनात आलं, गाडीत प्लास्टिकमध्ये घाम सुटून नासलं बिचारीचं. तिच्या आईनं एवढ्या लांबून दिलेलं. ती ड्यूटीवर होती, फोन लावला तर उचलेना, वॉर्डात असलं की उचलत नाय.

तेव्हा मी काय केलं, माझी आई जे करायची तेच केलं. पावसाळ्यात सुकटीला ओल धरली की आई म्हणायची, ओलं वास मारतं, वाळलं की वास मरतो. श्रावण होता पण त्या दिवशी कडक ऊन पडलेलं. मी सगळ्या पुड्या सोडल्या, गच्चीवर स्वच्छ लुगडं अंथरलं, आणि एकेक दाणा मोकळा करून पसरला. मनात म्हणलं दुपारपर्यंत खडखडीत होतंय, वरनं काढून डब्यात भरते, पोर आली की खूश होईल.

त्याच दिवशी मालकीणबाईंचा सत्यनारायण. मला माहीत होता, पण पूजा चारला, माझं वाळवण बाराला उचलणार. तर अकरालाच त्यांची हाक, शकुंतला, वर ये गं, प्रसादाचा रवा भाजायचाय, तुझ्यासारखा कोणी भाजत नाय. गेले. सव्वाच्या मापानं रवा, मोठी कढई, हात सोडला की खाली लागतो. मग केळी कापा, मग दूध आटवा, मग पाहुणे आले त्यांना पाणी द्या. मी सारखी जिन्याकडं बघायची. मालकीणबाई म्हणायच्या, कुठं लक्ष आहे तुझं? एकदा उठले तर म्हणल्या, आता कुठं चालली, तूप घाल. मी तूप घातलं.

पूजा सुरू झाली आणि वारा फिरला. पहिल्यांदा मलाच आला. मी दाराशी बसले होते, आणि उन्हानं तो वास मेला नव्हता हो, तापून उघडला होता. उलटंच झालं. तेवढ्यात त्यांच्या नणंदेनं पदर नाकाला लावला. मग एकेकाची मान फिरायला लागली. गुरुजी कथा सांगता सांगता थांबले, म्हणले, गटार फुटलंय का कुठं? कोणी म्हणलं उंदीर मेला असेल. पुरुष माणसं उठली, सोफा सरकवला, देवघराच्या मागं बॅटरी मारली, एकानं मोरीची जाळी उचलली. मालकीणबाईंचा जावई म्हणला, सासूबाई, तुमच्या हिंगाच्या डबीतूनच येतंय बघा, आणि कोणीच हसलं नाय. आणि मी तिथं बसलेली. उठावं, सांगावं, बाई गं माझं आहे ते, दोन मिनिटांत काढते. एवढंच बोलायचं होतं. घसा बंद. जावई गच्चीवर गेला आणि वरून ओरडला, अहो, इथं कोणीतरी हिरव्या लुगड्यावर नासकं सोयाबीन वाळत घातलंय!

मालकीणबाईंनी माझ्याकडं बघितलं. माझं लुगडं त्यांना ओळखू येतं.

पूजा झाली, प्रसाद मलाही दिला, हे पण लिहा. पण माणसं गेल्यावर खाली आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. म्हणल्या, तुझी सुकट मला माहीत आहे, इतकी वर्षं माहीत आहे, गुरुवारी कोणत्या घरात इतका धूप लागतो मला कळत नाय का? मी कानाडोळा केला. पण हे तुझ्या सुनेचं मला माझ्या घरात नको. देवापुढं माझी मान खाली गेली. महिनाअखेर बघा दुसरीकडं. मी म्हणायला पाहिजे होतं की वाळत मी घातलं, तिनं नाय, तिला तर माहीतच नाय. तेही म्हणलं नाय. त्या गेल्यावर मी भिंतीला म्हणलं.

इनाली ड्यूटीवरून आली, मी सगळं सांगितलं, अर्धं मराठी, अर्धं हातानं. ती गच्चीवर गेली, दाणे गोळा करून आणले, वाळून काळे पडलेले. मला वाटलं रडेल, चिडेल. तर म्हणली, मम्मी, ये खराब नहीं था, ये ऐसाही होता है. तार होना मांगता. मग एक दाणा दातात फोडला, म्हणली, हम लोग भी सुखाता है, चूल्हे के ऊपर. अच्छा सुखाया. आणि तशीच आत जाऊन कपडे पिशवीत भरायला लागली. म्हणली, मैं हॉस्टल में रहती है. मालकिन को मेरे से प्रॉब्लेम है, आप लोग से नहीं. आप इधर रहो. संदीप माझ्याकडं बघेना. तो म्हणला, आई, थोडे दिवस जाऊ दे तिला, मालकीणबाई शांत झाल्या की बघू.

ताई, थोडे दिवस म्हणून बाहेर पडलेलं माणूस परत येईलच असं कोणी लिहून देतं का? दवाखान्याचं हॉस्टेल, तिथं तिच्या भाषेच्या पोरी, तिचं जेवण, मग कशाला येईल ती फडकं लावलेल्या दाराआड? मी तिच्या हातातली पिशवी धरली. ती ओढायची, मी सोडायची नाय. ती म्हणली, मम्मी, फाटेगा. मी म्हणलं, फाटू दे. आणि म्हणलं, जायचं तर तिघं जाऊ, खोली मी बघते.

मी बघते म्हणलं खरं. दुसऱ्या दिवशी चप्पल घातली आणि उंबऱ्यातच उभी राहिले, लोकांच्या दारात जाऊन बोलायचं कसं? संदीप म्हणला, आई, खाण्याचं काय सांगू नको, खोली ताब्यात घेऊ, मग बघू. पण मला तेच नको होतं. परत लपवायचं, परत खिडकीतून बघायचं, आणि मला सवय आहे हो, पण तिच्या नशिबी ते कशाला. मी वाटेनं चालता चालता एकच वाक्य घोकत गेले. दार उघडलं की नमस्कारसुद्धा विसरायची, पहिलं तेच बाहेर पडायचं, आमच्या घरात वास येतो, चालेल का ते आत्ताच सांगा.

काय काय ऐकलं! एक काका म्हणले, कसला वास, अगरबत्तीचा का? सांगितल्यावर दार लावून घेतलं. एक बाई म्हणली, वासाचं बघू, पण सून कुठली म्हणलात? नागालँड म्हणलं तर म्हणली, तिकडं कुत्री खातात ना? मी म्हणलं, मी सिन्नरची. तसं काय बोलायचं नव्हतं, पण घाबरल्यावर जे आलं ते आलं. एका ठिकाणी सगळं जमलं, खोली छान, उजेड छान, तर मालकाचा मुलगा म्हणला, मावशी, वास असा असतो तरी किती? मी पदराच्या गाठीला दोन दाणे बांधून नेले होते, ते सोडून दाखवले. तो म्हणला, मावशी, गाठ बांधा.

महिना संपत आला तरी खोली नाय. इनालीची पिशवी तशीच भरलेली, कॉटखाली. मी रोज सकाळी वाकून बघायची, आहे का. शेवटी अंबडच्या गावठाणात हौसाबाईंचं घर मिळालं, म्हातारी एकटी, दारात म्हशी, मागं शेळ्या. मी वाक्य म्हणलं, सुनेचंही सांगितलं. त्या शेण काढत होत्या, मान वर न करता म्हणल्या, आमच्या जनावरांचा वास तुमच्या सुनेला चालंल का? शहराकडच्या पोरींना चालत नाय. तिथूनच फोन लावला, त्या दिवशी उचलला बाई तिनं. विचारलं. ती इतकी हसली की हौसाबाईंनाही ऐकू गेलं. त्या म्हणल्या, आणा, आणा हिला.

तर आता तिथं राहतो. खोली लहान आहे, माश्या आहेत, पाणी कमी येतं. इनाली रविवारी चटणी करते, मिरच्या भाजते, अखुनी ठेचते, संदीप खोकत बाहेर पळतो. मी खाते का? खोटं कशाला सांगू, मला अजून आवडत नाय, भाकरीच्या कडेला चिमूटभर घेते आणि वरून पाणी पिते. पण ती जेवते तेव्हा मी शेजारी बसते. हौसाबाई दारातून विचारतात, काय गं, आज परत काय मेलं तुमच्याकडं? इनालीला आता तेवढं मराठी येतं, ती म्हणते, तुमची म्हैस.

भीती गेली का म्हणून तुम्ही विचारलंत. नाय गेली. ऐकलंय की हौसाबाईंचे पुतणे जागा बिल्डरला द्यायचं बघतात, मग परत दारं, परत वाक्य. दवाखान्यातून यायला तिला उशीर झाला की माझा जीव खालीवर होतो, वाटतं आज सरळ हॉस्टेललाच गेली. मी दारात बसत नाय, लोक काय म्हणतील, आत पडून राहते, भिंतीकडं तोंड करून. मग कधीतरी डबा उघडल्याचा आवाज येतो आणि तो वास येतो, अगदी डोक्यात जाणारा. आला की मी कुशीवर वळते. आली बाई माझी घरी. राहू दे तिला सुखात, जिथं असू तिथं राहू दे, एवढंच लिहा आणि बास करा.