दाजींची गाडी आणि मागच्या सीटवरचा

ऐका. ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. या शेकोटीवर हात ठेवून सांगतो, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीय. म्हणजे, त्या रात्री मी सासुरवाडीला होतो. पण गोष्ट खरी आहे. दिगू, गाडीची किल्ली बोटावर फिरवू नकोस. जाशील कुठं जायचं तिथं. बस जरा.

"नाना, दुसरी सांगा की. ही ऐकलीय."

ऐकली असशील. बाकीच्यांनी नाही ऐकलेली.

तर आपल्या तात्यांचा हर्षद. वय सतरा, मिशीचं अजून ठरायचं होतं. ऊसतोडीचे दिवस. थोरल्या बहिणीचे यजमान नवी गाडी घेऊन जेवायला आलेले. आता दाजी घरी आले की किल्ली मेव्हण्याच्या हातात जाते, हा आपल्याकडचा रिवाजच. नाही म्हणणारा दाजी कंजूष ठरतो. दाजींनी विचारलं, "लायसन?" हा म्हणाला, "टाकलंय काढायला." दाजी म्हणाले, "हेल्मेट तरी घे." यानं घेतलं. कोपरात अडकवलं. डोक्यावर घातलं तर केस बसतात ना!

"पानं वाढेपर्यंत येतो," म्हणाला आणि निघाला. कुठं? पल्याडच्या गावच्या जत्रेत, ऑर्केस्ट्राला. कुठल्या वाटेनं? खोलओढ्याच्या.

ओढ्यात उतरताना गाडी हळू केली, आणि ती एकदम जड झाली. मागं कोणीतरी बसलं होतं. जिवंत नव्हतं, हे सांगायला नको. खांद्यावर हात पडला. गार! कानाशी आवाज आला, "एवढ्या हळू? आमची म्हैस पुढं जाईल."

हर्षदनं रेस पिळली.

"मागं वळून बघितलं नाही का त्यानं?" रेशमा विचारतेय. अगं, त्या वेगात कोण मागं बघतं बाई?

एक बाभूळ गेली. वाकडी, ओढ्याकडं झुकलेली. तेवढ्यात मागून एक मोबाइल पुढं आला, थेट तोंडासमोर. पडदा लखलखीत. "बघ, बघ, ऑर्केस्ट्रा सुरू झाला!" हर्षदनं बघितलं. किंचित बघितलं हो. मान वर केली, तर पुन्हा तीच बाभूळ! तशीच वाकडी! आणि मागचा म्हणतोय, "हात सोडून चालव की. घाबरतोस?" घाबरतोस म्हटल्यावर सतराव्या वर्षी कोण ऐकून घेतं? सोडला एक हात. गाडी डगमगली. आणि पुन्हा, पुन्हा तीच बाभूळ!

चकवा! वाट संपत नाही, माणूस तिथल्या तिथं फिरत राहतो. यावरचा उपाय तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या आयांनी सांगून ठेवलाय. डावी चप्पल उजव्या पायात, उजवी डाव्या पायात. मग वाट दिसते. हर्षदला आई आठवली.

मागचा म्हणाला, "थांबू नकोस. चालवता चालवता बदल."

करून बघितलं त्यानं, खोटं नाही सांगत. पण एका पायाखाली गिअर, दुसऱ्याखाली ब्रेक. चपला बदलायच्या कशा? चकवा असो की चकव्याचा बाप, थांबावंच लागतं.

थांबला. वळणाच्या तोंडाशी. गाडी स्टँडवर लावली, बंद केली, खाली बसून चपला बदलल्या. आणि त्या शांततेत ऐकू आलं. सळसळ. वाऱ्यानं उसाचा पाला हलतो ना, तशी. पण रानातून नाही. रस्त्याच्या मधोमध!

मोबाइलच्या उजेडात पायी पुढं गेला. वळणापलीकडं उसाची ट्रॉली. टायर फुटलेला, चाकांना दगड लावलेले. ना दिवा, ना लाल पट्टी, ना माणूस. मागं उसाची टोकं बाहेर आलेली, भाल्यांसारखी. गाडीवर बसलेल्या माणसाचं तोंड जिथं येतं, बरोबर तिथं.

पोरानं काय करावं? कोपरातलं हेल्मेट काढून डोक्यावर घातलं. जमिनीवर उभा असताना! मग मागं वळून बघितलं. गाडीची सीट रिकामी.

गाडी ढकलत घरी आला. चपला तशाच. दाजी दारात उभे. "कुठं होतास रे?"

"दाजी, परत किल्ली मागितली तर देऊ नका."

म्हणून सांगतो, पोरांनो, खोलओढ्याच्या वाटेला जाऊ नका. आणि ज्याला लायसन नाही त्यानं तर कुठल्याच वाटेला जाऊ नका.

"नाना, यातलं खोटं किती?"

विचार, विचार रेशमे. बाभळी खऱ्या. त्या ओढ्याकाठी तीन आहेत, तिन्ही वाकड्या. जोरात गेलं की एकच वाटते. हात गार होता, थंडीचेच दिवस होते. ट्रॉली खरी. सीट रिकामी होती, तेही खरं. मागचा उतरून, ट्रॉली बघून, बांधावर ओकत होता.

"अय्या, भुतं ओकतात?"

दिगूला विचार. ठेव दिगू, ठेव, किल्ली खिशातच ठेव. मी खोटं एवढंच सांगितलं, की मागं बसलेला जिवंत नव्हता.