गुंडूची मुकी रिक्षा

मंडळी, एक सांगा – देव ऐकतो ते आपण मोठ्यानं म्हणतो ते, की ओठांतल्या ओठांत पुटपुटतो ते? घाई नको! उत्तर देण्याआधी शेजारी बायको बसलीय का ते बघून घ्या!

तर ऐका. सांगलीत गुंडू चौगुले नावाचा रिक्षावाला. जिभेवर साखर! "या काकू, बसा काकू, सावकाश!" पण एकदा रिक्षा धडधडायला लागली, की गुंडूचं तोंड आपोआप सुटायचं. पुढच्या सायकलवाल्यावर, मागच्या बसवर, आणि – पाप लपवू नये – आपल्याच गिऱ्हाइकावर! अठरा वर्षं! कुणाला पत्ता नाही. इंजिनाच्या आवाजात शिवी कशी सुखरूप असते हो!

त्याचं रोजचं गिऱ्हाईक सुमतीकाकू पाटणकर. गुडघे दुखरे, पिशव्या चार. सकाळी दहाला मंडईतून घरी, विश्रामबागेत. बसताना एकच प्रश्न – "गुंडू, खाल्लंस का रे काही?" आई गेल्यापासून हे विचारणारं गुंडूला जगात दुसरं कुणी नव्हतं. काकूंनी विचारलं, की त्याचा दिवस उजाडायचा.

आणि गुंडूनं घेतली विजेवरची रिक्षा! आता निम्मा स्टँड तसलाच झालाय म्हणा. ना धूर, ना धडधड. सिग्नलला उभं राहिलं तर शेजारच्या रिक्षेतलं सासू-सुनेचं भांडण पहिल्यापासून कळतं – कीर्तनाची गर्दी उगाच नाही घटली!

पहिला दिवस. काकू बसल्या. "खाल्लंस का रे?"

"खाल्लं काकू!"

रिक्षा निघाली, मुकाट्यानं. आणि सवयीनं तोंड सुटलं – "आली म्हातारी! चार पिशव्या, नि चढायला अर्धा तास! अख्खी मंडई घरी नेते. खाणार कोण? उंदीर?"

मंडळी, काय ती शांतता! गुंडूनं आरशात बघितलं. आरशात काकू. दोघांनी एकदम नजर खाली वळवली. घर आलं, काकू उतरल्या – चारही पिशव्या स्वतःच उचलून!

दुसऱ्या दिवशी गुंडू नऊपासून मंडईच्या दारात. येतील? की दुसऱ्या रिक्षेत बसतील? आल्या! बसल्या! पण तो प्रश्न? नाही विचारला. राम मंदिर चौक गेला. गुंडूनं ओठ दातांत घट्ट धरलेले. आणि मागून बारीक आवाज आला –

"मेला! खड्डा दिसला की चाक घातलंच! अठरा वर्षं कंबर मोडतोय माझी, माकडतोंड्या!" मग जरा थांबून, "तोंड कसं सुकलंय... चहासुद्धा नसेल पोटात मेल्याच्या."

गुंडूनं करकचून ब्रेक दाबला! "काकू – तुम्हीसुद्धा?"

"अगं बाई! ऐकू गेलं होय?"

"सगळं!"

"अरे, रोजचंच आहे ते. आजच कसं ऐकू गेलं?"

भर रस्त्यात दोघं हसताहेत, मागं हॉर्नवर हॉर्न! काकूंनी पिशवीतून केळं काढलं, पुढं केलं. "खा आधी. उंदरांसाठीच घेतलं होतं."

तेव्हा मंडळी, देव पुटपुटलेलंच ऐकतो. पण घाबरू नका – शिवी ऐकतो, तसं तिच्या मागचं 'पोटात काही नसेल'सुद्धा ऐकतो! असेल तर!

आता तुमच्याकडे वळू. मघापासून पेटी-मृदंगाच्या आडोशानं तुमचेही ओठ हलताहेत. काहींचे नामात, काहींचे 'बुवा, आटपा'त. पेटीवाले, हात थांबवा. मृदंग, तुम्हीही. तो पंखा बंद करा बघू.

हं! आता पुटपुटा!