ज्येष्ठता यादीत प्रिंटर दुसरा

— नाही नाही, बंद करून चालू करून झालंय, मॅडम. तेरा वेळा. प्लग काढला, खोचला, फुंकर मारली — फुंकर कशाला म्हणजे? मारली आपली. बसा ना, ती लोकर बाजूला सारा. बायकोची आहे. विणकाम शिकवते ती, टॅबवरून, अकरा बायकांना, रोज पाच वाजता. म्हणजे शिकवायची. आता तीन दिवस वरच्या मजल्यावरून शिकवते, माझ्या बहिणीकडून — तिथलं नेट चालतं ना! बारा वर्षं नणंद-भावजयीचा छत्तीसचा आकडा, साधी वाटीभर साखर मागितली नाही एकमेकींकडे, आणि आता दोघींचं खिदळणं मला खाली ऐकू येतं. माझ्याशी मात्र बोलणं बंद.

काय होतं नक्की? नेट येतं आणि जातं. बायकोचं म्हणणं — तिचं हं, माझं नाही — मी घरात असलो की जातं आणि बाहेर पडलो की येतं. आता याला काही अर्थ आहे? पण म्हटलं, बघू. पिशवी घेऊन कोपऱ्यापर्यंत गेलो — आलं! परत येऊन बूट काढतोय — गेलं! तर म्हणाली, रोज पाच ते सहा तुम्ही बाहेर जाऊन बसा. मी म्हटलं, मी का जाऊ? घर माझं आहे. मग ती गेली.

हं? नंबर? कुठल्या यंत्राला कुठला नंबर — ते मीच दिलेत. तुमची ही नेटची डबी नंबर आपोआप वाटायची, जो आधी येईल त्याला, आज एक तर उद्या दुसरा. ही काय पद्धत झाली? अहो, एकतीस वर्षं मी कर्मचाऱ्यांना क्वार्टर्स वाटायच्या टेबलावर काढलीत. ज्येष्ठता यादीशिवाय एक खोली हलू दिली नाही. म्हणून ते आपोआप वाटप बंद केलं आणि प्रत्येकाला कायमचा नंबर दिला, घरात रुजू झाल्याच्या तारखेप्रमाणे. ही बघा यादी. दोन नंबर प्रिंटर, तीन टीव्ही, चार तो बोलका स्पीकर... टॅब नववा. मागच्याच वर्षी आलाय ना तो! हिने वाचलं आणि भडकलीच — "चौतीस वर्षं संसार केला, आणि प्रिंटर माझ्या वर? त्याच्यात तर शाईसुद्धा नाही!" आता यादी मोडली तर उद्या टीव्हीला काय तोंड दाखवू? हसू नका.

एक नंबर? एक नंबर माझा फोन. हो, गेल्याच महिन्यात घेतला, तारखेप्रमाणे शेवटी यायला हवा, बरोबर आहे तुमचं — पण कुटुंबप्रमुख म्हणून तेवढा एक अपवाद. प्रत्येक यादीत असतो एखादा. ... काय? एक नंबर या डबीचाच असतो? तिचा स्वतःचा? म्हणजे सगळी यंत्रं बाहेर जायला एक नंबरला हाक मारतात, आणि मी फोन खिशात घेऊन घरात असलो की ओ मी देतो? आणि मला तर बाहेरचा रस्ताच ठाऊक नाही!

म्हणजे ती म्हणत होती तेच... हे तिला सांगू नका हं. वायर खराब होती म्हणा. उंदीर म्हणा.

करा, करा आपोआप. प्रिंटरला — काही नाही, करा. खरं सांगू? घर खायला उठतं हो. तासभर बाहेर बसलो असतो तर काय बिघडलं असतं माझं? काही नाही. पण एकदा तोंडातून "मी का जाऊ" निघालं की मग...

लागला, हिरवा दिवा लागला! थांबा, माझा फोन — अरे, थांबतच नाही वाजायचा. बाहेर कुठे याला नेट नाही ना, घरचंच वापरतो मी, तर तीन दिवसांचे निरोप एकदम आलेत. तिचेच सगळे. "गोळी घेतली का?" "डावीकडची शेगडी नीट पेटत नाही, उजवीकडची लावा." "गोळी?" "काल जिन्यात पावलं वाजली. तुम्ही होतात का? मग वर का नाही आलात?"

होतो. चार पायऱ्या चढलो होतो.

जा मॅडम तुम्ही आता. झालं तुमचं काम. दार — नको, लावू नका.