कानिफनाथचं सोंग

नगरच्या स्कॅन सेंटरमध्ये निवृत्त शिक्षक नृसिंह गुरुजी आपल्या नंबराची वाट पाहत बसले होते. मागच्या बाकावर पाथर्डीकडचं ऊसतोडणीचं जोडपं होतं, कानिफनाथ आणि त्याची बायको. बाई दबक्या आवाजात बोलत होती, पण गुरुजींचे कान अजून वर्गातलेच होते.

"लकवा मारून चार महिनं झालं. हातपाय आता धड हायेत. मंग उसाची मोळी बांधायचं कसं इसरता?"

"इसरलो, बायडे. बांधायला उसाच्या शेंड्याचं वाढं हातात घेतो, पुढं काय करायचं ते सुचत न्हाई."

"बैलांची नावं आठवत्यात. माझ्या बापानं लग्नात काय कमी केलं, त्ये पन आठवतंय."

"त्ये कसं इसरंल?"

"मुकादम म्हनतो, कानिफनाथ सोंग करतोय. मला बी तसंच वाटाया लागलंय."

"मंग इथं कशाला आनलंस?"

"डाक्टर म्हनले, मेंदूत रगत कुठं पोचतंय अन् कुठं न्हाई, त्ये फोटूत दिसतं. दसऱ्याला तोडीची गाडी यायच्या आत मला कळाया पायजे."

"समदं दिसतं?"

"समदं. का, घाबरलात?"

मागचा आवाज आणखी खाली आला.

"बायडे, फोटूत काय निघालं तर मुकादमाला सांगू नको."

"मंग काय सांगू?"

"सोंगच करतोय म्हन. सोंग करनाऱ्याला चार शिव्या देऊन गाडीत घेत्यात. डोकं गेलेल्याला घरी ठेवत्यात, अन् तुझ्या जोडीला दुसरा गडी देत्यात."