कानात एक, स्पीकरवर दुसरंच

काकांचा संशय सांगते, ऐका. तीर्थपुरीत जयंतीच्या मिरवणुकीत मी पहिल्यांदाच डीजे वाजवत होते आणि काका पहारा द्यायला टेम्पोवर चढले होते. मी हेडफोन कानाला लावला की त्यांचे डोळे बारीक.

“कुणासंग बोलून राह्यली?”

“कुणासंगच न्हाई. पुढचं गाणं जुळवतेय.”

“मला शिकवू नको. बंद कर, घरी चल!”

मी चिडून हेडफोन त्यांच्याच कानाला लावला.

“बाहेर एक वाजतंय, इथं दुसरंच! लोकांपासून काय लपवून राह्यली?”

मी बटण सरकवलं. कानातलं गाणं स्पीकरवर आलं आणि सगळी गल्ली उसळली. मी हेडफोन परत मागितला.

काका म्हणाले, “बिलकुल न्हाई. आधी मी ऐकणार, मंग गाव.”