दुल्हाभाईंची मोटरसायकल

हॅलो? कोण, मुनीर? अरे, तू मुलगी बघायला रुस्ताकला निघालास ना? मग मध्येच का थांबलास?

खडी? हायवे सोडलासच कशाला? … शॉर्टकट! मोबाईलनं दाखवला म्हणून? उद्या तो समुद्रात जा म्हणेल!

फुफी कारनं मुलीच्या घरी केव्हाच पोचली. तुलाच भाव मारायला मोटरसायकल हवी होती… तीही दुल्हाभाईंना, माझ्या नवऱ्याला, न विचारता! ते अल् खुवैरला ऑफिसात, त्यांना वाटतंय गाडी खाली पार्किंगमध्ये आहे. एक ओरखडा आला ना, तर तुझं लग्न राहू दे, माझं मोडेल.

हो, हो… अरे, ऐक ना. दापोलीत खडीवरनं मीच स्कूटर चालवायची, तू मागे बसून रडायचास. … रडायचासच!

दुसरा गिअर टाक. हँडल आवळू नकोस, थोडं डुलणारच. … डुलू दे! पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस. मागचा, तोही हळूच. … बकऱ्या? मग बकऱ्यांकडे बघू नकोस, मोकळ्या जागेकडे बघ. बघशील तिकडेच जाशील, बाबा.

फोन खिशात टाक, चालूच राहू दे. यल्ला, चल, बिस्मिल्ला म्हण.

…

मुनीर? … हॅलो? … अरे, बोल ना!

पोचलास? दारातच? खडी झाली, वाळू झाली, आणि पडला नाहीस? अल्हम्दुलिल्ला! … उतरलास? … हा धप्पकन आवाज कसला?

उभी गाडी कशी पडली? … वाळूत स्टँड लावलास? रुतणारच तो! खाली काहीतरी सपाट ठेवायचं असतं… हाय अल्ला, नेमकं तेच सांगायला विसरले. ओरखडा? … आरसा? … वाकडा म्हणजे किती वाकडा?

मागे कोण हसतंय? … अफशीन? मुलगीच बाहेर आली? … गाडी उचलू लागली? … आणि स्टँडखाली घालायला ताटली आणली? खजुरांची? मग खजूर कुठे गेले? … तुझ्या हेल्मेटमध्ये!

मुनीर, ऐक. आता नखरे नकोत, आत जा आणि हो म्हण. … तिनं पण म्हणायला हवं? अरे, तिनं तुझी फजिती बघितली आणि ताटली घेऊन आली. अजून काय निकाहनामा हवाय?

थांब, दार वाजलं… अहो, तुम्ही? आज इतक्या लवकर? … पार्किंग रिकामं? हो, ते… गाडी ना, सोयरीक जमवायला गेलीय! बसा, आधी पाणी घ्या… मुनीर, ठेवते रे. आरसा सरळ कर!