आत्याला कादंबरीत मारल्यावर

विमानतळावर बॅगा देण्याच्या रांगेत माझ्यापुढे एक आत्या आणि तिचा लेखक भाचा उभे होते. आत्याचा आवाज असा, की धावपट्टीवरचं विमानही ऐकायला थांबलं होतं.

“परदेशात बसून कादंबरी लिहिलीस, आता परतही आलास. पण त्यात मला का मारलंस?”

“ती तू नाहीस गं.”

“गालावर तीळ, पत्त्यांत चोरी करते, आणि मी नाही?”

“परदेशी गेलेल्या नायकाला रडवायचं होतं. घरचं कुणीतरी जायलाच हवं!”

“मग तुझ्या बापाला मारायचंस.”

“बाबा पहिल्या पुस्तकातच गेले.”

“वाचून शेजारीण रडत सांत्वनाला आली. दार मीच उघडलं! आणि पुस्तकात म्हणे मी खिडकीत बसून तुझी वाट बघत होते. मला बसायला फुरसत होती का रे?”

“चुकलं. पुढच्या पुस्तकात जिवंत करतो.”

“नुसती जिवंत नको. परदेशी पाठव.”

“आणि घरी वाट कोण बघणार?”

“पुढे या! बॅग कोणाची?” काउंटरवरची मुलगी ओरडली.

“माझी. लेकीकडे चाललेय, वर्षभर. आणि तू रे, घरी जाऊन खिडकीत बस. जमलं तर मग लिही.”

भाचा घरी गेलाच नाही. आत्याचं विमान उडालं तरी विमानतळाच्याच काचेला नाक लावून उभा होता.